पाटीवरचा आकडा : पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग कसं शिकवावं?

दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर तीन ओळी लिहितो.

अ = ५
ब = अ
अ = ७

मग वर्गाला विचारतो, "आता 'ब' किती?" बरेच हात 'सात' म्हणत वर जातात. या मुलांनी शाळेत '=' हे चिन्ह बरोबरीचं म्हणूनच पाहिलंय. 'अ' आणि 'ब' सारखे असतील आणि 'अ' सात झाला, तर 'ब' पण सातच व्हायला हवा. तर्क चोख आहे. फक्त तो गणिताच्या वहीतला आहे, यंत्रातला नाही.

एका वर्षी मी चौथी ओळ लिहिली, अ = अ + १. तास संपल्यावर एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात पहिल्यापासून चांगली. म्हणाली, "सर, हे सुटतच नाही. दोन्ही बाजूंचा 'अ' काढला की शून्य बरोबर एक उरतं." तिने वहीत ते पायरीपायरीने मांडून आणलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. समीकरणासारखी दिसणारी एक आज्ञा मी फळ्यावर लिहिली होती, आणि ती आज्ञा आहे हे सांगायचं राहून गेलं होतं.

इंजिनिअरिंग, बीएस्सी, बीसीए, शाखा कोणतीही असो, पहिल्या सहा महिन्यांत मुलांना कॉम्प्युटरची आणि प्रोग्रॅमिंगची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न साठ वर्षं जुना आहे. त्यावर भरपूर प्रयोग झाले, मोजमापं झाली, काही लाडके समज खोटेही ठरले. आपल्याकडच्या लॅबपर्यंत त्यातलं फार थोडं पोहोचलंय.

सुरुवात डार्टमथ कॉलेजपासून करू. १ मे १९६४च्या पहाटे चारच्या सुमारास तिथे बेसिक या भाषेतले पहिले प्रोग्रॅम चालले. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना ही सोय फक्त इंजिनिअर होणाऱ्यांसाठी नको होती. इतिहास, साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही यंत्राशी बसून बोलता यावं, ही त्यांची मूळ कल्पना. तीन वर्षांनी लोगो आली, तिच्यातलं कासव मुलांच्या आज्ञेनुसार रेघा काढत चालायचं. झुरिकच्या निकलाउस विर्थ यांनी १९७०मध्ये पास्कल मांडली ती शिकवण्याचा हेतू समोर ठेवूनच. १९८५मध्ये एमआयटीच्या हॅरल्ड एबलसन आणि जेराल्ड सस्मन यांचं स्कीम भाषेवर आधारलेलं पाठ्यपुस्तक आलं आणि जगभरच्या हुशार मुलांना त्याने वेड लावलं. त्याच एमआयटीने २००८च्या सुमारास पहिल्या वर्षासाठी पायथन घेतली. २०१४मध्ये फिलिप गुओ यांनी अमेरिकेतल्या नावाजलेल्या विभागांची मोजणी केली, तेव्हा पहिल्या दहापैकी आठ आणि ३९पैकी २७ विभाग सुरुवातीच्या अभ्यासक्रमात पायथन शिकवत होते.

आपल्याकडेही हा प्रवास दिसतो. आयआयटी कानपूरला १९६३मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र आलं, फोरट्रान शिकवायला सुरुवात झाली, आणि व्ही. राजारामन यांच्या पुस्तकांनी पुढच्या कितीतरी पिढ्यांना प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख करून दिली. नंतर सी आली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' महाराष्ट्रातल्या होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून सापडायचं. पुणे विद्यापीठाने २०१९च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला पायथन आणली. स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त वाद होतो तो यावरच, सी की पायथन. मला तो वाद दुय्यम वाटतो. पायथनमध्ये सेमिकोलन आणि कंस कमी लागतात, पहिल्या आठवड्यातली झटापट कमी होते, हे खरं. पण वर फळ्यावर लिहिलेल्या तीन ओळी पायथनमध्येही तशाच लिहाव्या लागतात, आणि 'ब' सात झाला असं म्हणणारी मुलं तिथेही तितकीच असतात.

बावीस गुण, एकशे दहापैकी

२००१ साली मायकेल मॅक्रॅकन यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांचा एक गट एकत्र आला. पहिला प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रम नुकता पुरा केलेल्या चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना त्यांनी एकाच धर्तीची कामं दिली. साधा कॅल्क्युलेटर बनवायचा होता. शिक्षकांच्या मते हे काम मुलांना यायलाच हवं होतं. सरासरी गुण पडले ११०पैकी २२.८९. त्या काळात शिकवणाऱ्या कुणाशीही बोला, हा आकडा त्याच्या लक्षात असतो, कारण तो एका वाईट वर्गाचा आकडा नव्हता.

लगेच प्रश्न आला, मुलांना नेमकं काय येत नाही? अवघड प्रश्नाची फोड करणं येत नाही, की त्याच्या आधीचंच काही? रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये सात देशांतल्या विद्यार्थ्यांसमोर दुसऱ्या तऱ्हेचे प्रश्न ठेवले. काही लिहायचं नाही. छोटा, तयार प्रोग्रॅम वाचायचा आणि तो चालल्यावर कोणती किंमत येईल ते सांगायचं, किंवा गाळलेल्या जागी पर्यायांतली कोणती ओळ बसेल ते ओळखायचं. पुष्कळ मुलं यातही अडली. म्हणजे ज्यांना दहा ओळी धड वाचता येत नव्हत्या, त्यांच्याकडून आपण चाळीस ओळी लिहून मागत होतो. २००८मध्ये लोपेझ, व्हॅली, रॉबिन्स आणि लिस्टर यांनी वाचणं, हाताने चालवून बघणं आणि लिहिणं या तीन कौशल्यांचा परस्परसंबंध तपासला. पहिली दोन ज्यांची पक्की, त्यांचं लिहिणंही बहुधा बरं, असं त्यांना दिसलं.

या आढाव्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. बाकी काहीही करा, लिहायला लावण्याआधी वाचायला शिकवा. आपण अगदी उलटं करतो.

नापासांच्या आकड्यांबद्दल थोडं. डेन्मार्कचे येन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्परसन यांनी २००७मध्ये ६३ संस्थांकडून माहिती गोळा केली, तेव्हा सुरुवातीच्या अभ्यासक्रमात सरासरी ६७ टक्के विद्यार्थी पास होत होते. २०१९मध्ये त्यांनी जास्त संस्था घेऊन पुन्हा पाहिलं, नापासांचं प्रमाण २८ टक्क्यांवर आलं होतं. ही माहिती संस्थांनी आपणहून दिलेली आहे, हे धरूनच ती वाचावी. पण जवळपास तिसरा हिस्सा मुलं पहिल्याच पायरीवर गळत होती, एवढं त्यातून दिसतंच.

या गळतीचं एक सोयीस्कर कारण शिक्षकांत फार प्रिय आहे: "काहींना येतं, काहींना येतच नाही." २००६मध्ये मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांच्या एका लेखाने या समजाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. प्रोग्रॅमिंग शिकण्याआधीच, मी वर लिहिल्या तसल्याच किमती देण्याच्या ओळींची चाचणी घेऊन, कोण शिकेल आणि कोण नाही ते ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. वर्गाच्या गुणांचा आलेख उंटाच्या दोन मदारींसारखा असतो, अशी त्यामागची प्रतिमा. तो लेख हातोहात फिरला. २०१४मध्ये बोर्नाट यांनी स्वतः तो दावा जाहीरपणे मागे घेतला. त्याची खबर मात्र तितकी फिरली नाही.

पुढे २०१६मध्ये एलिझाबेथ पट्सास आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या विद्यापीठातल्या ७७८ वर्गांच्या अंतिम गुणांची वाटणी तपासली. एकाहून जास्त शिखरं असल्याची खूण फक्त ५.८ टक्के वर्गांत सापडली. त्यांनी आणखी एक केलं. प्राध्यापकांना मुद्दाम संदिग्ध आलेख दाखवून विचारलं, यात दोन मदारी दिसतात का? प्रोग्रॅमिंग ही उपजत देणगी आहे असं मानणाऱ्यांना त्या जास्त दिसल्या. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकांकडे मी इतकी वर्षं कोणत्या नजरेने पाहत आलो, हा विचार बरेच दिवस डोक्यातून गेला नाही.

डबा नको, पाटी

मग वाचायला शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं? ब्रिटनचे बेनेडिक्ट डु बुलाय यांनी १९८०च्या दशकात याचं उत्तर दिलं होतं. नवशिक्याला भाषेबरोबर एका कल्पित यंत्राची ओळख करून द्यावी लागते. खरं यंत्र, त्यातले ट्रान्झिस्टर, प्रोसेसरच्या पिढ्या हे आत्ता नको. ही भाषा जे यंत्र गृहीत धरते ते हवं: ते एका वेळी एकच ओळ वाचतं, वरून खाली जातं, सांगितलेलं तेवढंच करतं, आणि मागचं काही आठवायचं तर लिहून ठेवलेलंच आठवतं. हे यंत्र डोक्यात बसलं की ओळी वाचता येतात. बसलं नाही तर माणूस यंत्रात माणूसच कल्पतो. रॉय पी यांनी १९८६मध्ये हेच निदान केलं: नवशिके धरून चालतात की आत कुणीतरी समजूतदार बसलंय. आमच्या लॅबमध्ये मुलं म्हणतात, "सर, तो घेत नाहीये." चूक दाखवली की म्हणतात, "पण त्याला कळायला नको का?"

व्हेरिएबल समजावताना सगळे शिक्षक डब्याचा दाखला देतात. व्हेरिएबल म्हणजे डबा, किंमत म्हणजे डब्यातली वस्तू. मीही दिला. डब्यात मात्र दोन वस्तू राहतात, आणि एका डब्यातली वस्तू दुसऱ्यात टाकली की पहिला रिकामा होतो. मुलं हे दोन्ही गुण व्हेरिएबलला चिकटवतात. डु बुलाय यांनी अशा गैरसमजांची नोंद तेव्हाच करून ठेवली होती. आता मी पाटी घेतो. दोन खऱ्या पाट्या, 'अ' आणि 'ब' अशी नावं चिकटवलेल्या. पहिलीवर ५ लिहायचं. 'ब = अ' म्हणजे 'अ'च्या पाटीवर काय आहे ते बघून 'ब'च्या पाटीवर उतरवून घ्यायचं. 'अ'चं ५ जागेवरच राहतं. 'अ = ७' म्हणजे 'अ'ची पाटी पुसून ७. 'ब'च्या पाटीला कुणी हात लावलेला नाही, तिथे ५च आहे. आणि 'अ = अ + १'? उजवीकडचं आधी: पाटी बघा, सात आहे, एक मिळवा, आठ झाले. आता पाटी पुसा आणि आठ लिहा. त्या मुलीने हे स्वतः पाटी हातात घेऊन केलं, मग फळ्यावरच्या बरोबरच्या चिन्हाकडे बघून म्हणाली, "मग इथे बाण काढायला हवा होता." बाण काढणाऱ्या भाषा आहेत, मी तिला सांगितलं, आणि तेव्हापासून पहिला महिनाभर फळ्यावर मी बाणच काढतो.

या पाट्यांचा कागदावरचा अवतार म्हणजे ड्राय रन. प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना, प्रत्येक फेरीची एक ओळ. शब्द आपल्या सगळ्या पुस्तकांत आहे, परीक्षेत मात्र त्याला गुण नसतात, म्हणून तो वगळला जातो. सिएटलच्या बेंजामिन शी, ग्रेग नेल्सन आणि अँड्र्यू को यांनी २०१८मध्ये दाखवलं की ओळीओळीने रकाने भरायची ठरलेली पद्धत आखून दिली, तर नवशिक्यांचं वाचन सुधारतं. यात महागडं काही लागत नाही. फुलस्केपचा कागद आणि पेन्सिल.

आता एक प्रश्न जवळून बघू. येलमध्ये एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना दिलेला हा प्रश्न पुढे 'रेनफॉल प्रॉब्लेम' या नावाने गाजला. रोजच्या पावसाचे आकडे एकेक करून येतात. ९९९९९ आला की थांबायचं आणि आलेल्या आकड्यांची सरासरी छापायची. समजा आकडे आले १२, ०, ३०, ९९९९९. माणूस हातानेच करतो: १२ अधिक ० अधिक ३० म्हणजे ४२, भागिले तीन दिवस, सरासरी १४ मिलिमीटर.

मुलं लिहितात ती ओळींची रांग बहुतेकदा अशी असते: आकडा वाच, बेरजेत मिळव, दिवस एकाने वाढव, आकडा ९९९९९ असेल तर थांब. वाचायला अगदी सरळ वाटते. आता रकाने भरा. पहिली फेरी: आकडा १२, बेरीज १२, दिवस १. दुसरी: आकडा ०, बेरीज १२, दिवस २. तिसरी: आकडा ३०, बेरीज ४२, दिवस ३. चौथी: आकडा ९९९९९, बेरीज १०००४१, दिवस ४, आणि मग थांबा. सरासरी २५ हजार मिलिमीटरच्या वर. आंबोलीलासुद्धा वर्षभरात एवढा पाऊस पडत नाही. थांबायची खूण बेरजेत शिरली, कारण आधी मिळवलं आणि मग तपासलं.

गंमत म्हणजे मुलांचा मूळ विचार चुकीचा नसतो. सोलोवे, बोनार आणि अर्लिक यांनी १९८३मध्ये दाखवलं की माणूस सहजपणे 'वाच, मग त्याचं काय करायचं ते कर' असा विचार करतो, आणि पास्कलचं व्हाइल लूप त्या विचाराच्या आड येतं: त्यात पहिला आकडा लूपच्या बाहेर वाचावा लागतो आणि पुढचा लूपच्या शेवटी. ही उलटापालट कुणी उघड करून दाखवली नाही, तर मुलं ती आपली अक्कल कमी म्हणून सोडून देतात. शिवाय पहिलाच आकडा ९९९९९ आला तर? दिवस शून्य, आणि शून्याने भागायची वेळ. कोरड्या दिवसाचा शून्य मोजायचा की नाही, हाही निर्णय कुणीतरी घ्यायलाच हवा. चार ओळींच्या प्रश्नात वाचणं, बेरीज, मोजणी आणि राखण अशी चार कामं एकमेकांत विणायची असतात. नवशिक्याला एकेक धागा येतो, वीण जमत नाही. मुलं ज्याला "लॉजिक बसत नाही" म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच.

उणे पंचवीस हजार दोनशे सोळा

आपल्या लॅबमधला एक प्रसंग. टर्बो सीचा निळा पडदा. बोरलंडचं हे साधन १९८७चं, पण कितीतरी कॉलेजांत ते खिडकीतल्या खिडकीत बसवून आजही चालवलं जातं. मुलाने फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम लिहिला. पाचचा १२०, सहाचा ७२०, सातचा ५०४०. सगळं बरोबर. आठ टाकला, उत्तर आलं उणे २५२१६. त्याने प्रोग्रॅम पुसून पुन्हा लिहिला. पुन्हा तेच. शेजारच्या बॅचच्या सरांनी सांगितलं, "इंटच्या जागी लाँग कर." केलं, ४०३२० आले, जर्नलवर सही झाली.

पहिल्या वर्षाला शिकवण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्मं या एका उणे आकड्यात दडलेलं होतं. टर्बो सीमध्ये इंट म्हणजे सोळा खाचा, प्रत्येकीत शून्य किंवा एक. त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं. ४०३२० मावत नाही, डावीकडची खाच चिन्हासाठी राखलेली असते, ती भरते आणि यंत्र तो आकडा उणे समजतं: ४०३२० वजा ६५५३६ बरोबर उणे २५२१६. पाटी आहे, पण पाटीला कडा आहेत. द्विमान पद्धत, मेमरी, किंमत आणि तिचा प्रकार, हे सगळं सांगायला याहून चांगला क्षण अभ्यासक्रमात दुसरा येत नाही. आणि आपण हे सगळं आधीच पहिल्या युनिटमध्ये 'संगणकाच्या पिढ्या' या मथळ्याखाली उरकून टाकलेलं असतं: व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी, पाच गुणांचा प्रश्न.

माझी तक्रार टर्बो सीबद्दल म्हणून नाही. जर्नलबद्दल आहे. पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग नंबर, फिबोनाची, चांदण्यांचे त्रिकोण, तेच पंधरा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं त्याच क्रमाने उतरवले जातात. पाठांतर आपल्या मुलांना उत्तम जमतं, आणि पंधरा प्रोग्रॅम पाठ केले की पेपर सुटतो. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर समोर आलं की त्याच मुलांना वाटतं, आपण या शाखेला चुकून आलो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला जास्त पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलासमोर पहिल्या दिवशी तीन परक्या गोष्टी एकदम येतात: इंग्रजीतलं व्याख्यान, इंग्रजी शब्दांची प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि इंग्रजीतले एरर मेसेज. टर्बो सी सेमिकोलन विसरल्याचा दोष बऱ्याचदा पुढच्या ओळीवर दाखवतं. ज्याला मेसेज नीट वाचता येत नाही तो त्या निर्दोष ओळीशी तासभर झगडतो. फिलिप गुओ यांनी २०१८मध्ये ८६ देशांतल्या ८४० जणांना विचारलं, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिकणाऱ्यांच्या अडचणींत पाठ्यसाहित्य वाचणं, ऐकणं-बोलणं, कोड वाचणं आणि इंग्रजी व प्रोग्रॅमिंग एकाच वेळी शिकावं लागणं, हे सगळं आलं. तमिळनाडूत अॅडलबर्ट जेराल्ड सूसाई राज यांनी तमिळ-इंग्रजी मिसळून शिकवण्याचे प्रयोग केले. आयआयटी मुंबईत योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांवर असंच काम केलं.

की-वर्ड इंग्रजी शब्द आहेत म्हणून इंग्रजी येणाऱ्याला सोपे, असंही सरसकट नाही. आंद्रेआस स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी पर्ल या भाषेची तुलना मुद्दाम वाटेल ती चिन्हं उचलून बनवलेल्या भाषेशी केली. नवशिक्यांना पर्लमध्ये काही जास्त अचूक लिहिता आलं नाही. 'फॉर' आणि 'व्हाइल' हे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यालाही आपण होऊन उलगडत नाहीत, 'रिपीट' उलगडतो. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांनी आपल्या सी प्लस प्लसच्या पुस्तकासाठी जी जोडणी तयार केली, तिच्यात नेमका 'रिपीट' आहे. विद्यार्थ्याचा पहिला प्रोग्रॅम कासवाला चार वेळा पुढे चाल, काटकोनात वळ असं सांगून चौकोन काढतो. लोगोचं कासव पवईत असं पुन्हा चालायला लागलं.

२०२१मध्ये आठ राज्यांतल्या १४ इंजिनिअरिंग कॉलेजांना पाच भारतीय भाषांतून शिकवायची मुभा मिळाली, त्यांत मराठी होती. पुस्तकांतले शब्द संस्कृतातून घडवायचे की इंग्रजी तसेच ठेवायचे, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. माझं मत साधं आहे. व्हेरिएबलला 'चल' म्हणा किंवा व्हेरिएबलच म्हणा, परीक्षेच्या आणि नोकरीच्या सोयीने इंग्रजी शब्द ठेवलेले बरे. पण 'आता या ओळीत काय झालं, ते सांग' हा प्रश्न आणि त्याचं उत्तर मराठीतच व्हायला हवं. समजूत जिथे घडते ती जागा ही आहे. स्पोकन ट्युटोरियलसारख्या उपक्रमात मराठीतून पाठ उपलब्ध आहेत, ते मुलांपर्यंत पोहोचवायला तर कुणाची परवानगीही लागत नाही.

काय चालतं

मुलांना जोडीने बसवणं चालतं, मात्र कीबोर्ड दर दहा मिनिटांनी बदलायला हवा, नाहीतर एक टाइप करतो आणि एक मोबाइल बघतो. शेकडो विद्यार्थ्यांच्या व्याख्यानातही 'आधी स्वतः विचार कर, मग शेजाऱ्याशी बोल, मग वर्गाला सांग' ही रीत चालते. आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये मोजलं, तेव्हा अशा वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले दिसले. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६मध्ये सुचवलेले कोड्याचे प्रश्न मला फार आवडतात: बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी कापून, क्रम उधळून द्यायच्या आणि मुलांनी त्या लावायच्या. मी झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या कापतो. वीण कशी बसते ते बोटांना कळतं, सेमिकोलनची धास्ती मध्ये येत नाही.

कशावर प्रोग्रॅम लिहायचा, यानेही फरक पडतो. जॉर्जिया टेकच्या मार्क गझडियल यांनी २००३पासून वास्तुकला, व्यवस्थापन, मानव्यविद्या शिकणाऱ्यांना फोटो आणि आवाज हाताळणारे प्रोग्रॅम लिहायला लावले, आणि मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण घटलं. कार्नेगी मेलनमध्ये १९९५ साली कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्यांत मुली सात टक्के होत्या, २०००मध्ये ४२ टक्के झाल्या. प्रवेशासाठी आधीच्या अनुभवाला वजन देणं थांबवलं आणि नवख्यांसाठी वेगळी वाट केली, हे त्यातलं मोठं कारण. ज्याच्या घरी लॅपटॉप होता तो मुलगा आणि बारावीनंतर पहिल्यांदा माउस हातात धरणारी मुलगी, दोघं एकाच बॅचला बसली की पहिल्या पंधरा दिवसांतच तिला वाटतं की तो हुशार आहे. तो फक्त आधी आलेला असतो.

आता यंत्रच लिहितं

२०२२च्या सुरुवातीला एक निबंध आला. कोडेक्स या कृत्रिम बुद्धिमत्तेला पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेचे प्रश्न दिले, तर तिचा क्रमांक खऱ्या विद्यार्थ्यांच्या वरच्या चौथाईत लागला. त्या वर्षअखेरीस चॅटजीपीटी आलं. आमची पंधरा प्रोग्रॅमची जर्नल आता मोबाइलवर एका मिनिटात तयार होते, आणि खरं सांगायचं तर त्यातले प्रोग्रॅम बऱ्याचदा सीनियरकडून उतरवलेल्यांपेक्षा चांगले असतात.

यामुळे प्रोग्रॅमिंग शिकवायची गरजच संपली, असं म्हणणारे आहेत. मला उलट दिसतं. २०२४मध्ये जेम्स प्रॅथर आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना एआय वापरत प्रोग्रॅम लिहिताना २१ सत्रांत जवळून पाहिलं, त्यांची नजर पडद्यावर कुठे फिरते हेसुद्धा. ज्यांचा पाया होता त्यांचं काम झपाट्याने झालं. नको ती सूचना ते बाजूला सारू शकले. ज्यांचा नव्हता, ते काम पुरं करूनही कुठे अडलो ते सांगू शकले नाहीत, आणि आपल्याला जमलं असं मात्र त्यांना वाटत राहिलं. यंत्राने लिहिलेल्या चाळीस ओळी बरोबर आहेत का, हे वाचणाऱ्यालाच कळणार. लिहिण्याआधी वाचणं हे वीस वर्षांपूर्वी शिकवण्याचं चांगलं तंत्र होतं. आता पहिल्या वर्षाचा तो मुख्य विषयच व्हायला हवा.

अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठाचा पॅटर्न बदलावा लागतो. ओरल कशी घ्यायची हे मात्र शिक्षकाच्या हातात आहे. गेली काही सेमिस्टर मी "प्रोग्रॅम कुणी लिहिला" हे विचारत नाही. मुलाने आणलेल्या जर्नलमधला कोणताही एक प्रोग्रॅम उघडतो, एक कोरा कागद पुढे ठेवतो आणि एका ओळीत पेनाने एवढासा बदल करतो. '१० पेक्षा कमी' असेल तिथे '१० पेक्षा कमी किंवा १०' करतो. मग विचारतो, आता काय छापलं जाईल? घाई नाही, हवं तर रकाने पाड. मागच्या वेळी एका मुलाने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं, मग कागद ओढून घेतला, तीन उभ्या रेघा मारल्या आणि वर नावं लिहिली. पहिल्या रकान्यात १, दुसऱ्यात शून्य.